रक्त नेलं, रिपोर्ट कुठाय? आरोग्य संशोधन आणि गावाचा वाटा

रानवाट (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेकडची. एमएसडब्ल्यू झाल्यावर आठेक वर्षं आरोग्याच्या संशोधन प्रकल्पांत क्षेत्र-समन्वयक म्हणून काम केलं. म्हणजे काय, तर पुण्या-मुंबईत (कधी त्याच्याही पलीकडे) ठरलेले प्रश्न गावात नेऊन विचारायचे, फॉर्म भरायचे आणि रक्ताच्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून संध्याकाळच्या आत प्रयोगशाळेत पोचवायच्या.

पहिल्याच प्रकल्पात रक्तक्षय आणि सिकलसेल (आईवडिलांकडून येणारा रक्ताचा आजार) दोन्ही तपासायचं होतं. "रिपोर्ट मिळेल" असं मी घरोघरी सांगितलं, संमतीपत्रातही तसं छापलेलं होतं. दोन वर्षांनी दुसऱ्याच संस्थेच्या कामासाठी त्याच गावात गेले. एक आजी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. माझ्या हातातला डबा बघून म्हणाली, "बाई, मागच्या खेपेचं रक्त संपलं का?"

ती थट्टा करत नव्हती. रक्त कुठेतरी खर्च होतं, संपलं की ही माणसं पुन्हा न्यायला येतात, असा तिने लावलेला अर्थ होता. आणि आम्ही जे काही वागलो होतो त्यावरून दुसरा अर्थ लावायला जागाच नव्हती.

रिपोर्ट आले होते. ते एका एक्सेल फाइलमध्ये होते. मार्चमध्ये निधी संपला, फाइल सांभाळणारा मुलगा दुसऱ्या नोकरीला लागला. पुढे इंग्रजीत शोधनिबंध छापून आला. त्यात गावाचं नाव नव्हतं (ते बरोबरच आहे), मी "क्षेत्रीय चमू"मध्ये होते आणि आशाताई तर कुठेच नव्हत्या, ज्यांच्यामुळे लोकांनी दार उघडलं.

तर प्रश्न असा. संशोधक आणि गाव यांच्यात बरोबरीचं नातं असू शकतं का? असलं तर ते कागदावर कसं दिसतं, पैशात कसं दिसतं? तुम्ही पाहिलेली उदाहरणं सांगा, फसलेलीही चालतील.

---

स्टेथो_आणि_सातबारा

धागा आवडला आणि टोचलाही. मी वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र शिकवतो, म्हणजे आरोपीच्या पिंजऱ्यात मीच.

बचाव म्हणून नाही, पण कारखाना कसा चालतो ते सांगतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन वर्षं असतात, त्यातलं पहिलं विषय मंजूर होण्यात जातं. निधी देणाऱ्यांच्या अर्जात प्रवास, रसायनं, पगार, छपाई या सगळ्यांची खाती असतात. "निकाल परत नेऊन देणे" या नावाचं खातं मी बहुतेक अर्जांत पाहिलेलं नाही. खातं नसलं की गाडी निघत नाही.

आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं वाचा. समुदायाला सुरुवातीपासून सामील करा, लाभ त्यांच्यापर्यंत पोचवा, हे सगळं त्यात आहे. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नीतिसमितीत एक सामान्य नागरिकही असावाच लागतो. मी पाहिलेल्या एका समितीत हा सामान्य नागरिक निवृत्त बँक मॅनेजर होता. भला माणूस, पण ज्यांचं रक्त घ्यायचं त्यांच्या गावाला जाणारी एसटी किती वाजता सुटते हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

आता तुमच्या एक्सेल फाइलबद्दल, कारण ही नुसती शिष्टाचाराची बाब नाही. एखादी बाई सिकलसेलची एसएस रुग्ण (आई आणि वडील दोघांकडून दोष आलेली) निघाली आणि तिला कळवलंच नाही, तर ती रक्तक्षय म्हणून लोहाच्या गोळ्या खात राहील. या रुग्णांना फॉलिक आम्ल देतात, पण लोह मात्र कमतरता तपासूनच, कारण वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साठलेलं असतं. नवरा-बायको दोघं वाहक (एकाच बाजूने दोष आलेले, स्वतः आजारी नसलेले) असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता २५ टक्के. ही माहिती कपाटात ठेवणं म्हणजे उपचार नाकारण्यासारखंच आहे.

---

सदाशिवपेठी

भावना कळल्या, पण थोडं वास्तवात येऊ या का? विमानाची रचना करताना प्रवाशांची मतं घेत नाहीत. नमुना किती घ्यायचा, तुलनागट (नवी सेवा न देता फक्त तुलनेला ठेवलेला गट) कसा निवडायचा हे गावाला विचारून ठरणार? रिपोर्ट द्यायलाच हवा, त्यात वाद नाही. पण "बरोबरीचं नातं" वगैरे परिसंवादात बोलायला ठीक. ज्याचं शास्त्र त्याने करावं.

---

वैनगंगा_काठी

सदाशिवपेठीकाका, विमानात बसायचं की नाही हे तरी प्रवासी ठरवतो ना? कुठे जायचं हेही तोच ठरवतो.

रानवाटताई गडचिरोलीच्याच, त्यामुळे तिथल्या 'सर्च' या संस्थेचं उदाहरण त्यांना माहीतच असणार, इतरांसाठी लिहितो. डॉ. अभय आणि राणी बंग १९८० च्या दशकात गडचिरोलीत आले तेव्हा त्यांनी सुरुवातीला हात घातला तो सिकलसेललाच. शास्त्रीयदृष्ट्या विषय उत्तम, पण लोकांना तो आपला वाटला नाही. लोकांचं दुखणं वेगळं होतं. ही आपली चूक होती हे ते स्वतःच जाहीर सांगत आले आहेत. मग लोकांनाच विचारायला लागले. दवाखाना कसा हवा तेही विचारलं. म्हणून शोधग्रामचा, म्हणजे 'सर्च'च्या आवारातला, दवाखाना गोंडी वस्तीसारखा झोपड्या-झोपड्यांचा झाला, रुग्णासोबत नातेवाईक राहू लागले आणि दवाखान्याला नाव मिळालं आदिवासींच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं.

आणि 'ज्याचं शास्त्र त्याने करावं' याबद्दल. लहान मुलाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायचं तर मिनिटाला श्वास किती ते मोजावं लागतं. गावातल्या काम करणाऱ्यांना मोठे आकडे मोजणं जड जायचं. तेव्हा त्यांच्यासाठी मण्यांचं साधं यंत्र केलं: एक मिनिटाची वाळूची घडी, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, शेवटच्या लाल मण्यापर्यंत गेलं की औषध सुरू. ज्याच्या हातात ते जाणार त्याला काय जमतं इथून सुरुवात केली, तेव्हाच हे सुचलं. प्रवाशांनीच बदललेलं विमान म्हणा हवं तर.

पुढे आरोग्यदूत बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली. ३९ गावांत ही सेवा, ४७ गावं तुलनेला. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलं: तिसऱ्या वर्षी नवजात मृत्युदर तुलनेतल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी. जंतुदोष झालेल्या बाळाला इंजेक्शन गावातलीच बाई देत होती, हे वाचून तेव्हा भल्याभल्या बालरोगतज्ज्ञांच्या भुवया वर गेल्या होत्या. नंतर २०११ पासून देशभरातल्या आशा नवजात बाळांच्या घरभेटी करू लागल्या, त्याचं मूळ इथे आहे.

---

खडूस_खडू

वैनगंगा, सगळं मान्य. पण मी शाळामास्तर, माझं लक्ष वजाबाकीकडे जातं. त्या ४७ गावांचं काय? त्यांना बरोबरीचा वाटा कसा मिळाला?

---

स्टेथो_आणि_सातबारा

@खडूस_खडू, रास्त प्रश्न आणि जुना वाद. त्या गावांत सरकारी सेवा आणि अंगणवाडी जशी होती तशी चालू होती, काही काढून घेतलेलं नव्हतं. तुलना नसती तर सरकारने ही पद्धत उचलली नसती, हेही तितकंच खरं. तरी माझं मत विचाराल तर तुलनागटातल्या गावाला तोंडावर सांगायला हवं की "तुम्ही तुलनेला आहात, आणि हे यशस्वी झालं तर अमुक दिवशी तुमच्याकडे येईल". हे वाक्य मी माझ्या स्वतःच्या पहिल्या प्रकल्पात सांगितलं नव्हतं. भीती होती की गाव नाही म्हणेल.

---

आशा_नं_एक

नमस्कार सगळ्याइले. पोरीच्या मोबाईलवरून लिहून रायलो, चुका झाल्या त माफ करा.

मी बारा वर्सापासून आशा हावो. सर्वेवाले येते त पयले माह्या घरी येते. "ताई, फक्त सोबत चला." फक्त म्हणजे तीन दिवस. घराघरात मी म्हणतो का बाई रक्त दे, भेव नोको, तवा ते हात पुढे करते. माह्याच तोंडाले पाहून देते. मंग रिपोर्ट नाई आला त शिव्या कोनाले? मलेच. ते साहेब त गाडीत बसून गेले.

पैशाचं विचाराल त एका प्रकल्पात फारमामागे पैसे देत होते, एकात चहा-बिस्कुट. रोवण्याच्या दिवसात माही मजुरी बुडाली ते कोन देईल जी?

अन् एक गोष्ट लिहितो, नाव-गाव नाई सांगत. एका ठिकानी सिकलसेलची यादी भिताडावर लावली. चांगल्या मनानं लावली असन, का लोकाइनं येऊन रिपोर्ट न्यावा. त्या यादीत एका पोरीच्या नावापुढे वाहक लिवलं होतं. वाहकाले काई होत नाई, तब्येत ठणठणीत रायते. पन सोयरीक मोडली. पोराकडच्याइनं स्वतःचा पोरगा तपासला नाई, पोरीचं नाव मात्र वाचलं. म्हनून म्हनतो, रिपोर्ट द्याच, पन हातात द्या. अन् समजावून द्या.

---

रानवाट

ताई, तुम्ही लिहिलंत हेच पुष्कळ झालं. "माह्याच तोंडाले पाहून" या एका वाक्यात सगळं आलं. विश्वास तुमचा असतो आणि तो खर्च आम्ही करतो.

---

ॲरिझोनाचा_उकाडा

फिनिक्सहून लिहितोय. यादीचा किस्सा वाचून इथलं प्रकरण आठवलं.

ग्रँड कॅनियनच्या तळाशी हवासुपाई नावाची छोटी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० च्या सुमारास इथल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठाने मधुमेहाचं कारण शोधू म्हणून रक्त घ्यायला सुरुवात केली. लोकांनी मधुमेहासाठी दिलं. पुढे त्याच नमुन्यांवर स्किझोफ्रेनिया, आप्तसंबंधातली संतती, पूर्वज कुठून स्थलांतर करून आले अशा विषयांवरही काम झालं. जमातीच्या श्रद्धेनुसार त्यांचा उगम त्या दरीतलाच, तुम्ही आशियातून आलात असं त्यांच्याच रक्तावरून छापणं म्हणजे काय झालं असेल कल्पना करा. हे उघड कसं झालं, तर २००३ मध्ये जमातीतलीच एक जण विद्यापीठात दुसऱ्याच्या प्रबंधाची मौखिक परीक्षा ऐकायला गेली होती. तिने उठून विचारलं, या वापरासाठी परवानगी घेतली होती का.

२०१० मध्ये तडजोड झाली. ४१ जणांना मिळून ७ लाख डॉलर आणि, त्यांना याहून महत्त्वाचं वाटलेलं, उरलेलं रक्त परत. लोक शीतपेटीतून आपल्या माणसांचं रक्त घरी घेऊन गेले, त्यातली काही माणसं तोवर वारली होती.

त्या आजीचा प्रश्न म्हणूनच भाबडा वाटला नाही. मागच्या खेपेचं रक्त संपलं का, हे विचारायचा तिला पूर्ण हक्क आहे. उरलं असेल तर ते कुठल्या फ्रीजरमध्ये आहे आणि त्यावर पुढे कोण काय करणार, हेही.

---

कलम_एकवीस

आपल्याकडचं उदाहरण घ्या ना. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यात हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा अभ्यासप्रकल्प 'पाथ' या संस्थेने सरकारी यंत्रणेसोबत केला. खम्ममच्या कित्येक मुली आदिवासी वसतिगृहांतल्या. तिथे संमतीपत्रावर पालकांऐवजी वॉर्डन आणि मुख्याध्यापकांच्या सह्या आढळल्या. काही मुलींचे मृत्यू झाले, चौकशीत त्यांचा लशीशी संबंध आढळला नाही. पण एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने कडक अहवाल दिला.

यातली शोकांतिका अशी की लस चांगली आहे. जगभर चालते. पण आईबापाला विचारलंच नाही म्हणून चांगल्या लशीवर जो डाग बसला तो पुसायला वर्षं गेली. अजूनही माझ्या ओळखीतले सुशिक्षित लोक "ती मुली मेलेली लस ना?" असं विचारतात. वॉर्डनच्या सहीने वाचवलेले दोन आठवडे फार महाग पडले.

---

सदाशिवपेठी

हे मात्र मला माहीत नव्हतं. वॉर्डनची सही वाचून वाईट वाटलं, माझी मुलगी वसतिगृहात होती.

तरी माझा मूळ मुद्दा राहतोच. गावाने संशोधनात नक्की काय करायचं? बसून माना डोलवायच्या की प्रश्नही बदलायचा? ठोस सांगा.

---

रानवाट

काका, ठोस सांगते. थोडं लांबेल.

दोन वर्षांपूर्वी एका गटाबरोबर रक्तक्षयाचं काम होतं. यावेळी मी हट्ट धरला की आधी ग्रामसभा, मग नीतिसमिती. आमच्याकडे याची शाळा जवळच आहे. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा माहीत असेल. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" म्हणणारं गाव. तिथे निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगट बसतो. गावकरी आणि बाहेरचे जाणकार एकत्र. तिथले नेते देवाजी तोफा यांच्या या गावाने जंगलावरचा सामूहिक वनहक्क २००९ मध्ये मिळवला तो नुसत्या घोषणेवर नाही, त्याच्या मागे वर्षानुवर्षांचा हा अभ्यास होता. "गावाला शास्त्रातलं काय कळतं" याचं उत्तर मला तिथे मिळालं: गाव बसलं तर कळतं, आणि बसायला वेळ द्यावा लागतो.

आम्ही गेलो ते गाव मेंढा-लेखाहून वेगळं, माझ्या पहिल्या प्रकल्पातलं. पहिल्या ग्रामसभेने आम्हाला नाही म्हटलं. कारण एकच, मागचा रिपोर्ट. मी दोन महिने त्या जुन्या फाइलच्या मागे लागले. मिळाली. एकेका घरी जाऊन बंद पाकिटात निकाल दिले, सोबत समजावणारी नर्सबाई. काही माणसं स्थलांतर करून गेली होती, दोन वारली होती. हे काम कुठल्याही निधीतून झालं नाही, पेट्रोल माझं.

दुसऱ्या सभेत आमचा प्रश्न मांडला: "स्त्रिया लोहाच्या गोळ्या नियमित का घेत नाहीत?" प्रश्नावलीत तयार पर्याय होते. मळमळ, विसरणं, गैरसमज, घरच्यांचा विरोध. एक बाई मागून म्हणाली, "गोळ्या असन तवा खाऊ ना." हशा पिकला. मग एकेक जण बोलू लागली. पावसाळ्यात नाला भरतो, रस्ता बंद, उपकेंद्रात गोळ्या पोचतच नाहीत. आमच्या चार पानी फॉर्ममध्ये हा पर्यायच नव्हता! पुण्यात वातानुकूलित खोलीत तीन बैठका घेऊन तयार केलेला फॉर्म.

प्रश्न बदलला. "का घेत नाहीत" याच्या आधी "कोणत्या महिन्यात गोळ्या होत्या" आलं. दोन मुलींनी उपकेंद्राच्या साठ्याची नोंद वहीत वर्षभर ठेवली. सदाशिवपेठीकाका, नमुना किती घ्यायचा हे आमच्या संख्याशास्त्रज्ञानेच ठरवलं, त्यात गावाने नाक खुपसलं नाही. पण काय मोजायचं हे गावाने ठरवलं, आणि त्यामुळे अभ्यास जास्त शास्त्रीय झाला.

गावाच्या अटी ठरावात लिहिल्या गेल्या. तेंदूपत्ता आणि रोवण्याच्या दिवसांत सर्वे नाही. आशाताईला आणि वही ठेवणाऱ्या मुलींना मजुरीइतका मोबदला. वैयक्तिक निकाल तीन महिन्यांत, हातात, बंद. गावाचा एकत्रित निकाल मराठीत आणि गोंडीत सभेपुढे तोंडी, छापण्याआधी. उरलेलं रक्त दुसऱ्या कामाला वापरायचं तर पुन्हा विचारायचं. आणि फॉर्मच्या पहिल्या पानावर मुख्य संशोधकाचा मोबाईल नंबर. या शेवटच्या अटीला आमच्या मुख्य संशोधकांनी सगळ्यात जास्त विरोध केला, तो का हे मला अजून कळलेलं नाही.

सगळं गोड झालं असं नाही. तीन महिन्यांचे पाच झाले. गोंडीत "हिमोग्लोबिन" कसं सांगायचं यावर एक अख्खी दुपार गेली आणि शेवटी रक्ताच्या रंगाचे कागद दाखवूनच काम भागवलं. मोबदल्यावरून शेजारच्या पाड्याची नाराजी झाली. पण पुढच्या पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांच्या गोळ्या जूनमध्येच गावात ठेवायचं वैद्यकीय अधिकाऱ्यांनी मान्य केलं. ग्रामसभेचा ठराव आणि वही दोन्ही टेबलावर होतं. शोधनिबंध अजून छापून यायचा आहे.

---

स्टेथो_आणि_सातबारा

"गोळ्या असन तवा खाऊ ना" हे मी उद्या वर्गात फळ्यावर लिहिणार आहे.

मोबाईल नंबरचा विरोध मला कळतो. नंबर दिला की रात्री अकराला "पोराला ताप आहे" म्हणून फोन येतो आणि तेव्हा "मी फक्त संशोधक आहे" म्हणता येत नाही. ते म्हणता यावं म्हणूनच नंबर नको असतो. माझ्या फॉर्मवर विभागाचा लँडलाइन आहे, पाचनंतर कुणी उचलत नाही.

एक भर. निधीचा अर्ज लिहितानाच निकाल-वापसीचं खातं टाका, दोन फेऱ्या, समुपदेशक, छपाई. निधी देणारे कापतील तर लेखी कापू देत. माझ्या गेल्या अर्जात टाकलं होतं, कापलं नाही. म्हणजे इतकी वर्षं आम्ही मागितलंच नव्हतं.

---

खडूस_खडू

सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान जुलै २०२३ पासून सुरू आहे, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायचं उद्दिष्ट. ते संशोधन नसून सेवा आहे, पण यादी भिंतीवर की पाकिटात हा प्रश्न तिथेही तोच. आमच्या आश्रमशाळेत तपासणी झाली तेव्हा मुलांची कार्डं वर्गात नाव पुकारून वाटली गेली. पुकारणारा मीच होतो. आशाताईंचं वाचेपर्यंत यात काही चूक आहे हे डोक्यात आलं नव्हतं.

---

सदाशिवपेठी

रानवाट, साठ्याच्या वहीचा मुद्दा पटला. विमानाची उपमा मागे घेतो. शंका एकच: तुमच्यासारखी हट्टी बाई प्रत्येक प्रकल्पाला मिळणार नाही. तुम्ही नसताना गावाने काय करायचं?

---

रानवाट

मी नसले तरी ठराव आहे, काका. ग्रामसभेच्या वहीत आहे. पुढच्या गटाला तोच वाचून दाखवतात, शेजारच्या दोन गावांनी उतरवूनही नेला. त्यात खाडाखोड करून त्यांनी तेंदूपत्त्याबरोबर मोहफुलांचे दिवसही घातलेत.

---

आशा_नं_एक

बाई, तो ठराव मले फोटो काडून पाठवा. आमच्या गावात सोमवारी एक सर्वे येऊन रायला, सरपंचाले फोन आला होता. मी म्हनलं आधी फारम पाठवा, मंग येतो का नाई सांगतो. पाठवला. पयल्या पानावर लँडलाइन हाये.